अर्जातला तिसरा वाघ

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या कचेरीत अर्ज उर्दूतच लागायचा. मी कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचो. शाळेत उर्दूचं बक्षीस मिळवलेलं, त्यामुळं साधं वाक्य लिहिणं मला कमीपणाचं वाटे.

एकदा अजिंठ्याच्या डोंगराखालचे एक म्हातारे शेतकरी आले. वाघाच्या जोडीनं त्यांची कालवड नेली होती. जोडी मारा असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. घरात ठासणीची जुनी बंदूक होती, तिचा हवेत बार काढायला परवाना हवा, एवढंच. मी मनात म्हटलं, एका कालवडीनं साहेबाचं काळीज काय हलणार! मग दोनाचे तीन वाघ केले, तिघांनाही माणसं खायला लावली आणि ओढे रक्तानं लाल करून सोडले. वाचून दाखवलं तेव्हा म्हाताऱ्यांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी आदरानं अंगठा उठवला.

परवाना आलाच नाही. आले शिकारी. तंबू, हत्ती, हाकारे आणि खानसामा घेऊन. चार दिवसांत जोडी पडली. माझ्या कलमाची ताकद मी गावभर सांगत फिरलो.

पुढच्या सुगीच्या तोंडावर म्हातारे पुन्हा लिंबाखाली हजर. नीलगाई आणि रानडुकरांनी त्यांची निम्मी ज्वारी लोळवली होती. दाणा आत्ता कुठं भरत होता, आणि उरलेलं रान गेलं तर घरात वर्षभर भाकर नव्हती.

"मुन्शीजी, वाघ वर्साला एखादं जनावर न्यायचा," ते म्हणाले. "डुकरं त्याच्या भ्यानं डोंगरात ऱ्हायची. आता कोन ऱ्हातंय?"

मी यावेळी अगदी कोरडा अर्ज लिहिला: डुकरांवर बार काढायला परवाना मिळावा. उत्तर पंधरवड्यात आलं. दप्तरात तिसरा वाघ अजून जिवंत होता, एका बड्या पाहुण्यासाठी राखून ठेवलेला. बंदुकीच्या आवाजानं तो बिचकेल, सबब परवाना नामंजूर.

तिसरा वाघ नाहीच, असं कचेरीत सांगायला मी उठलो, पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. खोटा अर्ज लिहिणाऱ्याला लिंबाची सावली मिळत नाही, दुसरी जागा मिळते. शेवटी म्हाताऱ्यांनाच खरं सांगितलं.

"म्हंजी तिसरा तुमचाच हाय," ते शांतपणे म्हणाले. "मग या की घिऊन रानात."

गेलो. दिवस कलताना ज्वारीतल्या माळ्यावर चढलो, पत्र्याचा डबा बडवला. डुकरं आली. मी छाती भरून डरकाळी फोडली. सगळ्यात मोठ्या डुकरानं मान वर करून मला नीट पाहिलं, आणि ज्वारीचं पुढचं ताट आडवं पाडलं.