दोन गुडघ्यांची फिल्म

जुईनगरच्या एक्स-रे सेंटरमध्ये नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी गोजरा शेडगेने फिल्म धुण्याच्या डेव्हलपरच्या डब्यावरची तारीख वाचली, डार्करूमचं दार आतून लावून कुठून उजेड झिरपतो का ते पाहिलं, आणि रजिस्टरमधली मागची दहा नावं फिल्मवरच्या नावांशी ताडून घेतली. दोन चुकलेली निघाली. तेव्हापासून सेंटरमध्ये तिच्या मागे तिला ‘सीआयडी बाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

ती कराडकडची. तिकडच्या एका दवाखान्यात नवखी असताना दुसऱ्याने लावलेल्या डाव्या-उजव्याच्या खुणेवर तिने भरवसा ठेवला होता, आणि एका बाईच्या धडधाकट हातावर प्लास्टर चढलं होतं. ती बाई नुसती तिच्याकडे बघत राहिली. गोजराने त्या दिवसापासून कुणाच्या सांगण्यावर विसंबणं सोडून दिलं. लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती नवी मुंबईला आली, पण तो स्वभाव काही गेला नाही.

शहाण्णव सालच्या जानेवारीत एका दुपारी घणसोली गावचा एक माणूस सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आला. माणसाचं नाव धर्मराज, कंटेनर यार्डात ड्रायव्हर. मुलगी अबोली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: डावा गुडघा, पडल्यामुळे सूज.

“कधी पडली?” गोजराने मुलीला विचारलं.

“खेलताना पडली,” उत्तर बापाने दिलं.

“कुठं?”

“अंगनात.”

“मी तिला विचारतेय.”

मुलीने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गुडघा सुजला होता, पण ना खरचटल्याची खूण, ना काळंनिळं. पडली म्हणतात तर कातडी इतकी स्वच्छ कशी? गोजराच्या मनात पाल चुकचुकली. किरणांचं कारण सांगून तिने बापाला बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं.

“खरं सांग बाळ. पडली होतीस?”

“नाय.”

“मग पायाला काय झालं?”

अबोली टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा सकाली पाय वढतो. मी रडते तरी वढतो.”

 आतापर्यंत गोजराने पुष्कळ काही पाहिलं होतं. मारलेल्या पोरांच्या हाडातली जुनी, बुजलेली मोडही फिल्मवर दिसते, हे तिला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. चिठ्ठीत एकच गुडघा होता. तिने दोन्ही घ्यायचं ठरवलं. एका पायाला इजा करणारा माणूस दुसरा सोडतो थोडाच?

डार्करूमच्या लाल उजेडात फिल्म हळूहळू उमटत गेली. गोजरा वाकून मोड शोधत होती. मोड नव्हती. बारीक चीरसुद्धा नव्हती. एका क्षणी तिला चक्क निराशा वाटली, आणि त्या निराशेची लाजही वाटली. पण फिल्म धुऊन उजेडाच्या पेटीवर लावली तेव्हा तिचे डोळे अडखळले. एकाच मुलीचे दोन गुडघे सारखे नव्हते. डाव्या मांडीच्या हाडाचं खालचं टोक उजव्यापेक्षा मोठं दिसत होतं, जणू ते दीड-दोन वर्षांनी थोरल्या मुलीचं असावं. आणि हाड जरा फिकं.

आता संशय स्वतःवर आला. मशीनपासूनचं अंतर चुकलं असेल. तिने दोन्ही पाय फिल्मच्या एकाच कॅसेटवर शेजारी शेजारी ठेवून पुन्हा फिल्म घेतली. तीच गत.

मोठं टोक, फिकं हाड, ह्याचा अर्थ तिला लागेना. पण मुलीचे शब्द कानांतून जात नव्हते. ती फिल्म हातात घेऊन तशीच बाहेर गेली आणि बाकावर बसलेल्या चार माणसांसमोर तिने धर्मराजला विचारलं, “तुम्ही पोरीला मारता का?”

धर्मराज उभा राहिला. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं.

“कोन बोल्ला?”

“तीच म्हणते, रोज पाय ओढता. ती रडते तरी ओढता. आणि आम्हाला सांगता पडली!”

“हाडवैद्यानी सांगितला वढाला!” त्याचा आवाज फाटला. “सकाली उठली का तिचा पाय सरल व्हत नाय. वरडते. दुपारी तीच पोरगी पलत सुटते. गावात सगली बोलतात, नाटकी हाय. डाक्टरला खरा सांगितला, कायपन झाला नाय, नुसता सुजतो. तो बोल्ला, असा कसा सुजेल? म्हनून मीच सांगाला लागलो, पडली. निदान चिठ्ठी तरी लिवून देतात.”

त्याची नजर तिच्या हातातल्या फिल्मवरच्या दोन गुडघ्यांवर गेली. त्याच्या डोळ्यांत आता वेगळंच काही जागं झालं होतं.

“आनि एक गुडघा लिवलाय, तर तुमी दोन कशाला काढलेत, पैशासाठी? चोर मना समजता, आनि धंदा तुमी करता!”

त्याने मुलीला उचललं आणि फिल्म न घेताच तो निघून गेला. बाकावरची माणसं त्याच्याकडे नाही, गोजराकडे बघत होती.

संध्याकाळी सेंटरचे डॉक्टर सादिक मुकादम आले. पेटीसमोर ते खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही गुडघे पुन्हा पुन्हा न्याहाळू लागले.

“शेडगेबाई, दोन्ही का घेतलेत?”

तिने खरं ते सांगितलं.

“बापावर संशय होता म्हणून,” ते म्हणाले. “एकच गुडघा असता तर मी बहुतेक ‘नॉर्मल’ लिहून मोकळा झालो असतो. हा संधिवात असावा. महिनोन्महिने सांधा सुजलेला राहिला की तिथला रक्तपुरवठा वाढतो, हाडाचं टोक लवकर वाढतं, आणि हाड विरळ होऊन फिकं दिसतं. सांध्याच्या क्षयाचीही शंका दूर करावी लागेल. आहे कुठे मुलगी?”

दुसऱ्या दिवशी गोजरा रजिस्टरमधला पत्ता घेऊन सकाळी सातलाच घणसोली गावठाणात पोचली. दार अबोलीच्या आईने उघडलं, कपाळाला आठ्या घालून. आत अबोली अंथरुणावर बसलेली. आजारी म्हातारी पाय खाली सोडते तशी ती दोन्ही हातांनी डावा पाय उचलून कडेला आणत होती. उभी राहिली ती भिंतीला धरून. दोन पावलं टाकायला तिला किती वेळ लागला! गोजराला त्या क्षणी काय वाटलं ते तिने पुढे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

धर्मराज मोरीतून तोंड पुसत आला. “आता काय पोलीस आनलेत?”

“चुकले मी,” गोजरा म्हणाली. “सगळ्यांसमोर बोलले, तशी सगळ्यांसमोर माफी मागेन. पण आजपासून पाय ओढू नका. आणि दोन्ही गुडघ्यांची फिल्म बघायला चला.”

“संधिवात म्हातार्‍यांना व्हतो,” सगळं ऐकून तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता. तरी तो आला. तिने दाखवलेल्या जागी बोट ठेवून त्याने दोन्ही हाडं स्वतः मापली, आधी बोटाने, मग काडीने. डॉक्टर मुकादमांनी सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर गुडघ्यात काळं पाणी साचलेलं आणि आतलं अस्तर जाड झालेलं दिसलं. त्या दिवशी बाकावर वेगळी माणसं होती. गोजराने त्यांच्यासमोर माफी मागितली. धर्मराजने ती ऐकली, मान हलवली नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सांध्यातलं पाणी तपासलं, क्षय नव्हता. मुलांचाच संधिवात होता. तिथे डोळेही तपासले, कारण ह्या दुखण्यात डोळे न दुखताच बिघडतात. सांध्यात इंजेक्शन, गोळ्या, रोज कोमट पाण्यात हळूहळू व्यायाम. डावा पाय थोडा लांब झाला होता तो झालाच, म्हणून उजव्या बुटाला जाड तळ लावावा लागला. पण सकाळचं ते रडणं त्या वर्षीच्या गणपतीपर्यंत थांबलं.

धर्मराज दर सहा महिन्यांनी अबोलीला तपासणीसाठी आणायचा. गोजराशी कामापुरतंच बोलायचा. फिल्मवरचं नाव, तारीख, डावा-उजवा सगळं दोनदा वाचून घ्यायचा. एकदा चौथीतली अबोली “काय दुखत नाय” म्हणाली, तर दोघांनीही एकाच वेळी तिला विचारलं, “सकाळी उठल्यावरसुद्धा नाही?” अबोली वैतागून म्हणाली, “नाय म्हटला ना!” तरी गोजराने तिला चालून दाखवायला लावलं.