हाताने भरलेले आकडे

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या निरोप समारंभात सगळे माझ्या कामाबद्दल भरभरून बोलले, तेव्हाही मी गप्प बसले — आणि छान हसले.

आधी कामाबद्दल सांगते, कारण त्याचा मला अभिमान आहे. पुण्यात घरोघरची मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. भोसरीतल्या आमच्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात दोन सॉफ्टवेअर होती. एक ईआरपी — ऑर्डरी, कच्चा माल, स्टोअर, सगळं त्यात. दुसरं सिम्युलेशन — म्हणजे कॉम्प्युटरमध्ये उभा केलेला आमचाच कारखाना. उद्या माल कुठे तुंबणार, ते आज दाखवणारा. पण दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही. एकातून कागद छापायचा, दुसऱ्यात बसून भरायचा. भरून होईपर्यंत ऑर्डरी बदललेल्या.

त्यांना जोडायचं काम आमच्याकडे आलं. सिम्युलेशनची बाजू माझी, ईआरपीची विलास वानखेडेंची. ते अमरावतीचे, कर्वेनगरात खोली घेऊन राहायचे, माझ्याच बसला असायचे. चांगली ओळख होती — मैत्रीच म्हणा ना.

हेड ऑफिसचे साहेब जोडणी बघायला येणार होते आणि ती अजून मधेच तुटत होती. वानखेडे म्हणाले, "मॅडम, सरळ सांगून टाकू. अजून थोडा वेळ लागते म्हणून." मी बरं म्हणाले. आणि साहेब येणार त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ताज्या ऑर्डरी सिम्युलेशनमध्ये हाताने भरून ठेवल्या. का? कुणी बळजबरी केली होती का? नाही.

पडद्यावर कारखाना सुरू झाला. गिअर तापवून कडक करायच्या भट्टीपुढे माल साचताना दिसला. साहेबांनी विचारलं, "हे ईआरपीतून थेट येतंय?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच असतं तर मी हे केव्हाच हसत हसत सांगितलं असतं. पुढचं सांगताना जीभ अडते.

साहेब गेल्यावर वानखेडे आमच्या मॅनेजरकडे गेले आणि खरं ते बोलले. मला बोलावणं आलं. वानखेडे तिथेच उभे होते. मॅनेजरांनी विचारलं, "हे म्हणतायत आकडे तुम्ही हाताने भरले?" मी वानखेडेंकडे न बघता म्हणाले, "कौतुकात वाटा हवा होता तर आधी सांगायचं त्यांनी. दिला असता."

मॅनेजर हसले. वानखेडेंना या कामातून काढून स्टोअरच्या नोंदींवर बसवलं. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. तोवर आम्ही त्याच बसने येत-जात होतो. ते पुढे उभे राहायचे.

मग मी ती जोडणी खरी केली. त्यांनी अर्धी लिहून ठेवलेली बाजू घेऊन — तेही कबूल करते. इकडे ऑर्डर बदलली की तिकडे पडद्यावरचा कारखाना आपोआप बदलायचा. भट्टीपुढचा ढीग हळूहळू नाहीसा झाला. पुढे इतर कारखान्यांनीही ती जोडणी घेतली. नाव माझं लागलं. एकट्या माझं.

बऱ्याच वर्षांनी वानखेडे मंडईत भेटले, बायकोबरोबर भाजी घेत होते. त्यांनीच हाक मारली. "मॅडम, आमच्या चाकणच्या कंपनीत तुमचीच जोडणी हाये. मस्त चालते." मी त्यात टोमणा शोधला. सापडला नाही. मग बायकोला म्हणाले, "या त्या मॅडम. लई हुशार."

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का? त्यांच्या बायकोसमोर दोन वाक्यं पुरली असती. मी थँक्यू म्हणाले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला काय वाटलं, तेही लपवत नाही. शरम नंतर आली. आधी अभिमान वाटला.