जप्त केलेली कादंबरी

नववीच्या वर्गात गणित शिकवताना मी एका मुलीच्या हातातून कादंबरी हिसकावून घेतली. वहीखाली लपवून वाचत होती. मुखपृष्ठावर एकाच सायकलवर बसलेले मुलगा आणि मुलगी. जप्त केलेली वस्तू पालक आले तरच परत द्यायची, असा आमच्या हिंदी शाळेचा नियम. मी पहिल्यापासून तापट, त्यामुळे नियम मला फार सोयीचे पडतात.

मधल्या सुट्टीत सहज चार पानं चाळली आणि अडकले. पंधरा वर्षांची एक मुलगी घरच्यांशी भांडते, खोटं बोलते, चुकते, आणि तरी लिहिणाऱ्याने तिचा राग खरा मानलेला. मी पंधरा वर्षांची असताना माझा राग कुणी खरा मानला नाही. ‘वय आहे, जाईल’ म्हणून आई मोकळी व्हायची. आता आई नाही, मी पन्नाशीला टेकलेली, आणि इतक्या वर्षांनी मला तिचा मनापासून राग आला. मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक माझ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटत होतं. हे सांगायची मात्र लाज वाटत होती.

ती मुलगी दोनदा स्टाफरूमच्या दाराशी आली. "मैडम, किताब दे दीजिए ना. पापा को मत बुलाइए." माझी साठ-सत्तर पानं उरली होती. मी म्हटलं, "पापा को लेकर आओ." नियमाचं नाव पुढे केलं, खरं कारण ती पानं होती.

पाचव्या दिवशी वडील आले. भैरवगढ़ला लाकडी ठशांनी कापड छापायचं त्यांचं काम. तसेच कामावरून आलेले. मुलगी मागे उभी होती. स्टाफरूममध्ये आम्ही चार-पाच शिक्षिका होतो. त्यांनी मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मैडम, हमको पढ़ना नहीं आता. आपने पढ़ी है? कैसी किताब है?"

पोराटोरांची पुस्तकं वाचते म्हणून बाकीच्या हसतील, एवढंच माझ्या मनात आलं.

"नहीं," मी म्हटलं. "मैं ऐसी किताबें नहीं पढ़ती."

त्यांनी मान हलवली आणि पुस्तक तिथेच ठेवून मुलीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

दोन आठवडे मी स्वतःला समजावत राहिले की येईल. मग पुस्तक घेऊन फ्रीगंजमधल्या माझ्या घरून ऑटोने भैरवगढ़ला त्यांच्याकडे गेले. वडील बाहेर गेले होते. ती लांब मेजाशी उभी राहून चादर छापत होती, बोटं निळी झालेली.

मी एका दमात सांगून टाकलं, की मी पुस्तक पूर्ण वाचलंय, चांगलं आहे, पापांना मी समजावते.

"स्कूल से नाम कट गया, मैडम. अब पापा नहीं मानेंगे." मग ठसा रंगात बुडवत म्हणाली, "और मुझे मालूम था आप पढ़ रही हैं. खिड़की से देखा था. आप रो रही थीं."

माझा आवाज चढला. "तो फिर उस दिन पापा के सामने बोली क्यों नहीं?"

तिने ठसा कापडावर नीट टेकवला, वरून मुठीने ठोकला.

"सबके सामने आपकी बेइज्जती हो जाती ना, मैडम."