लेकराला आईकडं नेताना

बायको दिल्लीच्या एका दवाखान्यात नर्स होती. बाळंतपणाची रजा संपली तशी ती एकटीच परत गेली आणि मुलगी गावी हट्ट्याला, माझ्याकडे आणि माझ्या आईकडे राहिली. तिकडं क्वार्टर मिळेपर्यंतच, असं ठरलं होतं. ते मिळालं ऐन मे महिन्यात. पोरगी सात महिन्यांची, नुकतीच जुलाबातून उठलेली. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या उन्हात रेल्वेनं नेऊ नका." बायको फोनवर म्हणाली, "विमानानं आणा."

मी शाळेत मास्तर. पण विमान तोवर फक्त शेतावरून जाताना पाहिलेलं. आईनं झबली, दुपटी, दुधाच्या पावडरीचा डबा, गरम पाण्याचा थर्मास असं सगळं पिशवीत कोंबलं. "लेकराच्या कानात कापूस घाल बरं," एवढंच ती परत परत सांगत राहिली.

हैदराबादहून विमान उडालं तेव्हा पोरगी बाटली तोंडात धरूनच झोपली. मला वाटलं, जमलं. पण दिल्ली जवळ आली, विमान खाली उतरायला लागलं, माझेच कान गच्च झाले, आणि तिनं झोपेतून एकदम किंकाळी फोडली.

हवाई सुंदरी हिंदीत म्हणाली, काहीतरी पाजा, गिळलं की कान मोकळे होतात. मी बाटली लावली. तिनं जिभेनं ढकलून दिली, दूध गळ्यात, माझ्या सदऱ्यावर. चमच्यानं पाणी दिलं, तर तिला ठसका लागला. उठून हिंडवावं म्हटलं तर पट्टा सोडू देईनात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "इसकी माँ कहाँ है?"

"दिल्लीत," मी म्हणालो. त्यांनी तिला घेतलं, थोपटलं, आणि हरून परत दिलं. कापूस तर कानात होताच.

रडता रडता ती माझ्याकडेच बघत होती. हे दुखणं मी थांबवीन, असं तिला वाटत असावं. मी नुसता "झालं, झालं" म्हणत राहिलो. काहीच झालं नव्हतं.

चाकं जमिनीला लागल्यावर हळूहळू तिचं रडणं ओसरलं. हुंदके देत ती माझ्या खांद्यावर झोपी गेली.

बाहेर बायको उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. धावत आली. "आणा, आणा इकडं." पोरगी जागी झाली. तिनं आईकडं टक लावून पाहिलं, ओठ काढला आणि दोन्ही हात माझ्याकडं करून आकांत मांडला. बायकोनं लाडाच्या नावानं हाका मारल्या. तशी ती आणखीच रडली.

"वळखना मला," बायको म्हणाली.

"कान दुखून राहिलेत तिचे, म्हणून."

"कानाचं न्हाई ते." तिनं लेकरू परत माझ्या हातात दिलं.

रिक्षात पोरगी माझ्या मांडीवर. बायकोनं हळूच तिचा एक पाय मुठीत धरला. तेवढा पोरीनं धरू दिला.

ओळख पडायला बरेच दिवस लागले. तोवर पाजायचं मीच, आणि बायको लांब दाराशी उभी राहून सांगायची, "बाटली जरा उंच धरा, वारा जातो पोटात."