भोंग्यानंतरचे दोन गोल

कोऱ्या चादरीच्या खळीचा वास आला की मला बाबांचा तो फुटबॉलचा सामना आठवतो. बाबा ब्राझीलच्या बाजूचे, आणि सोलापुरातच गिरणीत शेजारच्या मागावर उभा जन्म काढलेला त्यांचा तेलुगू दोस्त अर्जेंटिनाचा. जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर चादर घालायची, अशी त्यांची पैज. त्या संध्याकाळी ब्राझील एका गोलनं पुढं होतं. पडद्यावर नव्वद मिनिटं भरली आणि बाबांनी, गिरणीचा भोंगा होताच माग थांबवावा तसा, खट्कन टीव्ही बंद केला. "झालं की! घाल चादर." दोस्तानं पिशवीतली कोरी चादर त्यांच्या खांद्यावर घातली. वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून पुढं आणखी पाच मिनिटं खेळ झाला आणि त्यात अर्जेंटिनानं दोन गोल मारले, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. बाबा चादरीची घडी घेऊन त्याच्याकडं गेले, ते ती पांघरूनच परतले. "भोंग्यानंतर विणलेलं धरत न्हाईत म्हनला," एवढंच बोलले. यंदा तो दोस्त गेला. आता सामना संपून मैदान रिकामं झालं, तरी बाबा टीव्ही बंद करू देत नाहीत.