रांगेच्या शेवटची जागा

मार्चमधला शेवटचा रविवार, सकाळ. मैलापूरला डॉक्टरांच्या दवाखान्यावरची खोली, मधुमेही मुलांच्या उन्हाळी शिबिराची पहिली बैठक. हजर : डॉक्टर, आहारतज्ज्ञ, दोन मुलांचे वडील आणि मी. गैरहजर : सुधा. एवढं लिहून मी तिला फोन लावला, कारण सुधा उशिरा येत नसे. आम्ही जिना चढेपर्यंत ती पंखे लावून, खुर्च्या मांडून बसलेली असे. फोन तिच्या भावानं उचलला. "झोपेतच गेली," तो म्हणाला. "कॉफी घेऊन गेलो, तर..." बैठक तिथेच संपली. खुर्च्या आम्ही तशाच ठेवून आलो.

सुधा तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. नवव्या वर्षी तिला मधुमेह झाला, मुलांना होतो तो. शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबतं आणि जन्मभर सुई घ्यावी लागते. माझ्या गार्गीला तो चौथ्या वर्षी झाला. नवऱ्याच्या मोटार कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही नुकते नाशिकहून वेलचेरीला आलो होतो. तमिळ येत नव्हती, माणसं नव्हती. पहिल्या शिबिराला मी सुया, साखर मोजायच्या पट्ट्या, बिस्किटं, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून नेलं. ती बॅग बघून सुधा म्हणाली, "वहिनी, लेकराला आणलंत की नुस्तं औषधाचं दुकानच?" तिच्या मराठीत तमिळचा हेल होता, आणि 'सगळे' म्हणायचं तिथे ती 'असकी' म्हणे. त्या दिवसापासून ती मला 'लिस्ट मॅडम' म्हणू लागली. गेली बारा वर्षं मी त्या नावाला ओ दिली.

त्या शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी फोटोसाठी मी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं. सुधानं ती रांग मोडली. "उंची शाळेत मोजतात, वहिनी. इथं वर्षं." ज्याला नुकताच मधुमेह झाला तो पुढे, ज्याला सर्वांत जुना तो मागे. सर्वांत मागे ती स्वतः. मग तिनं आपल्या स्टीलच्या डब्यातलं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, पहिल्या मुलाच्या हातात दिलं. सुया घेऊन झाल्या होत्या. त्या मुलानं डबा घेऊन रांगेतून चालत जायचं, प्रत्येकानं चमचाभर घ्यायचं, आणि डबा सुधापाशी आला की तिनं उरलेलं खायचं. त्या वर्षी पहिली होती गार्गी. एवढी लांब रांग पाहून ती रडवेली झाली होती. ती तशीच शेवटपर्यंत आली, तेव्हा सुधा गुडघ्यावर बसली, तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, "अजून आहे मी. बघ." भिंतीशी उभ्या असलेल्या आम्ही आया तेव्हा खूप दिवसांनी नीट श्वास घेत होतो. पुढे दरवर्षी हेच झालं. डॉक्टरांची व्याख्यानं मी टिपून घेत असे, पण घरी नेत असे ते हे एक वाक्य.

ती गेल्यावर एका आईचा फोन आला. "साखर वाढलेली असणार, नाही? खाण्याकडे लक्ष नसेल... एकटी बाई." मला तिचा राग आला नाही. सुधाचं काही चुकलेलं असावं, असं मलाही फार वाटत होतं. तिचं चुकलं असेल, तर आपण चुकायचं नाही, एवढंच करायचं होतं. ते मला जमलं असतं. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "हृदय बंद पडलं. एवढ्या वर्षांच्या आजारात होतं असं. तिच्याइतकं नीट कुणीच सांभाळत नव्हतं." मी वही काढली होती. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आठवड्यापूर्वी तिचा भाऊ डबा देऊन गेला. झाकणावर तमिळमध्ये तिचं नाव कोरलेलं आहे. गार्गीनं तो उचलून पाहिला, परत ओट्यावर ठेवला. ती आता सोळा वर्षांची आहे. तिच्याआधी मधुमेह झालेली मुलं कॉलेजसाठी बाहेर गेली.

"आई, या वर्षी शेवटी मी ना?"

"बघू. अजून नावं येतायत."

"नवीन येतील ते पुढे उभे राहतील. शेवटी मीच." ती तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली, मग माझ्यासाठी मराठीत म्हणाली, "उभी राहीन मी. पण ते वाक्य मी नाही म्हणणार. सुधाअक्काही म्हणायचीच की."

"डोसा गार होतोय," मी म्हणाले. तिनं सुई टोचून घेतली आणि खायला बसली.

शिबिर पुढच्या शुक्रवारी सुरू होतंय. खोल्या ठरल्या, बस ठरली, इन्सुलिनसाठी बर्फाच्या पेट्या सांगून झाल्या. रांगेत पहिलं नाव पाच वर्षांच्या एका मुलाचं आहे. त्याची आई रोज फोन करते आणि तिला मी दरवेळी 'या' म्हणते. हरभरे आणून ठेवलेत. डबा घासून ओट्यावरच आहे, आणि गार्गी जाता-येता त्याच्याकडे बघत नाही. तिला उत्तर द्यायचं राहिलं आहे.