बोटावर तोललेली काठी

आमचे बाबा दुसऱ्यानं धरलेला मासा खात नसत. भोयाच्या घरात असा हट्ट म्हणजे खुळेपणाच, पण त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. "आपल्या हाताले लागला तो मासा," म्हणायचे, "बाकी नुसतं कालवन." रिठदच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठाला आमचं गाव. काकांच्या जाळ्यात टोपलीभर मासे आले, घरोघर शिजले, तरी बाबा आपले बेसनाचं चून-भाकर पुढ्यात घेऊन बसत आणि दुसऱ्या दिवशी बांबूची काठी खांद्यावर टाकून नदीवर जात.

मग त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत ओढत चालू लागला, हात मात्र गेला तो गेलाच. उजव्या हातात काठी धरता येई. पण मासा लागला की दोरी ओढून घ्यायला दुसरा हात लागतो, तो कुठून आणायचा? वर्षभर त्यांनी माशाचा तुकडा तोंडात घातला नाही. माय कधी भांडली, कधी रडली. "मरायच्या आंदी एक डाव माह्या हाताचा खाईन," ते म्हणाले, "नाई तं राहू दे."

मी तेव्हा किन्हीराजाला मास्तर होतो. सुट्टीत घरी आलो की माझ्या ताटात मासा आणि समोर बाप चून खात बसलेला. कसा उतरावा घास घशाखाली? मला नुसता संताप यायचा. कोणावर, ते कळायचं नाही.

एकदा तलावाच्या पाळीवर एक साहेब मासे धरताना दिसला. मला तो पाठमोरा दिसत होता. उजव्या हातात काठी, आणि दोरी आपोआप आत येत होती. थोड्या वेळात हा एवढा मासा त्याच्या पायाशी! काठीच्या बुडाला चकरीसारखं काहीतरी बांधलेलं होतं. साहेबाला जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. लांबूनच मी ठरवून टाकलं, हे तर एका हाताचं काम. मास्तरकी केली की माणसाला सगळं आधीच समजतं ना, तसंच.

त्या चकरीला रीळ म्हणतात, एवढी माहिती मिळवली. वाशीमला आमचं सगळं सामान जैन शेठजींच्या दुकानातून यायचं, पण मासे धरायचं यंत्र त्यांना कोणत्या तोंडानं मागणार? अकोल्याला बंदुका-काडतुसांच्या दुकानात मिळतं असं कळलं. घरून बाबांची काठी आणली आणि ती घेऊनच मोटारीत बसलो. लोकांनी काय ती मजा घेतली. "काहून मास्तर, बैल मांगून पायी येऊन राह्यला काय?"

काठी नेली ती तोलासाठी. बाबांची एक रीत होती. काठी जिथं मुठीत धरायची, तिथं खाली एक बोट लावायचं आणि सोडून द्यायची. शेंडा खाली गेला तर मनगट दिवसभर कुरकुरतं, बूड खाली गेलं तर मासा कुरतडतो ते हाताला कळत नाही. ती आडवी राहिली पाहिजे. आणि दोरी गुंडाळल्याशिवाय तोल पाहायचा नाही, कारण दोरीलाही वजन असतं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

दुकानदार म्हाताऱ्या चाचांकडे तीन रिळं होती. पहिलं पितळी, धोंड्यासारखं जड. काठीचं बूड धाडकन खाली आलं. दुसरं इवलंसं, त्यानं शेंडा झुकला. तिसऱ्यावर मी नायलॉनची दोरी भरून घेतली, काठीला तारेच्या कड्या बसवून घेतल्या, रीळ बोटभर पुढं, बोटभर मागं बांधून पाहिलं. तासभर तरी गेला असेल. "अरे मास्टर, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?" चाचा वैतागले. शेवटी काठी बोटावर अशी आडवी राहिली की हलेना. मी उजव्या हातात काठी धरली, डाव्या हातानं मूठ फिरवली, कर्रकर्र आवाज आला. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

घरी बाबांनी काठी घेतली आणि आधी बोटावर तोलली. बघत राहिले. "तोल बराबर हाय, गड्या," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग काठी मांडीवर घेऊन त्यांनी रीळ चाचपलं, या अंगानं, त्या अंगानं. मूठ धरली, सोडली. परत पलीकडून चाचपलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक वाटतंय.

पुढं दर पंधरवड्याला मी कार्ड टाकायचो आणि शेवटी एकच ओळ असायची: मासा लागला का? काका उत्तर लिहायचे की बाबा रोज नदीवर जातात, पण पाणी कमी हाय. मग, पाणी गढूळ हाय. दिवाळीला गेलो तेव्हा बाबा खडकावर काठी धरून बसले होते. मी वर तोंड करून त्यांना शिकवलं, की दोरी अजून लांब टाका, कणीक बदला. पिढीजात भोयाला! त्यांनी मान हलवली. "मासेच राह्यले नाईत रे आता," म्हणाले.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. दोन वर्षांत मासा काही त्यांनी खाल्ला नाही.

दहाव्याला नदीवर पिंडाशेजारी काकांनी तळलेला मासा ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एक खाली उतरेना. ऊन तापलं. "दुसऱ्याच्या हातचा हाय ना," काका म्हणाले, "नाई शिवायचा. जाय, त्याची काठी आन. त्याच्या काठीचा तरी मासा दे त्याले."

मी पळत घरी आलो. काठी काढली, दोरी पाहावी म्हणून मोकळी केली. टोकाला शिशाचा गोळा होता. गळ नव्हता.

"माय, गळ तुटला काय?"

"तुटला नाई. त्याईनंच कापला, पयल्या आठवड्यात." तिनं वळचणीला हात घालून चिंधीत खोचलेला गळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "काठी काखेत धरून पाह्यली, तं घसरे. दातात धरून पाह्यली. एक डाव मोठा मासा लागला, तोंडात गळ घेऊन किती येळ तडफडला बिचारा. मूठ डाव्या हाताकडं हाय ना, बापू. फिरवन कोन?"

मी काठी उजव्या हातात धरून पाहिली, मूठ डावीकडंच होती.

"मले म्हने, पोरानं लई जीव लावून आनलं, त्याले सांगू नोको. रोज जाऊन बसे नुसते."

काठी खांद्यावर टाकून, गळ मुठीत घेऊन मी नदीवर आलो. माझी ती सगळी कार्डं आठवत होती. मासा लागला का, मासा लागला का. सगळे वाट पाहत होते, कावळेही. "बांध लवकर," काका म्हणाले. मी खाली बसलो, दोरीचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवलं. भोयाचं पोर मी, ही गाठ मला डोळे मिटून यायची. दोन्ही हात धडधाकट होते माझे, आणि गाठ बसेना.